पडद्यावर आलेलं नाव

४ मे २०२४, खजुरी

ही डायरी अप्पांना आळंदच्या खताच्या दुकानात मिळाली. प्रत्येक पानाखाली कानडीत पिकाचा सल्ला छापलाय. चार महिने कोरी पडून होती, कारण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. हे पूर्ण खरं नाही. लिहायची भीती वाटत होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलेलं नाही, त्यामुळे लिहिलेलं चुकलं तर ते चुकलंय हे सांगणारंही कोणी नाही.

आज लिहिते, कारण मला काम मिळालंय. शाळेचं नव्हे. निंबर्ग्याच्या शाळेत मी अतिथी शिक्षिका आहे, पण जूनमध्ये परत बोलावतील का, हे दरवर्षी जूनमध्येच कळतं. हे काम सिनेमाचं आहे. पुण्याहून भार्गवी नावाची मुलगी आली होती, सहायक दिग्दर्शक. चाळीसेक वर्षांपूर्वी आमच्या गावात ‘मधली रेघ’ नावाचा कबड्डीचा सिनेमा झाला होता. तो आता नव्याने काढणार आहेत आणि नटांना आमच्याकडची बोली शिकवायला माणूस हवाय.

जुन्या सिनेमात अप्पा आहेत. नायकाच्या विरुद्धचा संघ म्हणून गावातलीच पोरं घेतली होती. शेवटच्या सामन्यात अप्पांनी चढाई करून परत फिरायचं आणि नायकाने त्यांना रेघेवर धरायचं, असं ठरलं होतं. पण अप्पांचा दम मध्येच तुटला. पंचाला ते कळलं नव्हतं, कॅमेरा चालू होता, कोणी काही म्हणालं नसतं. अप्पा थांबले, ‘दम तुटला माजा’ म्हणाले आणि चालत मैदानाबाहेर गेले. खेळात तसंच करायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. दिग्दर्शकाने ते तसंच ठेवलं आणि सिनेमाचा शेवट बदलला. उदगीरच्या बाजारात अजून म्हातारी माणसं अप्पांना ओळखतात. आईने तो सिनेमा लग्नाआधी पाहिला होता. स्थळ आलं तेव्हा ती म्हणाली होती, ‘पंचानं बघितलं न्हाई तरी बाहेर जाणारा माणूस हाय. बरा असंल.’

सिनेमात नाव मात्र कोणाचंच नाही. सगळ्यांची मिळून एक ओळ आहे: खजुरीचे गावकरी.

मी काम घेतलं. जमेल का, माहीत नाही.

१९ मे

आज सिनेमातला एक नट घरी आला, सोबत दिग्दर्शक आणि भार्गवी. अप्पांचं काम तो करणार आहे. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात असतो, त्यामुळे निम्मं गाव आमच्या दारात. अंगणात बाज टाकली, आईने सगळ्यांना ताक दिलं. ऊन इतकं की बाजेची लोखंडी पट्टी हाताला चटका देत होती.

मी अप्पांची वाक्यं कागदावर लिहून दिली होती. नट ती नीट म्हणायचा, पण कंटाळलेला दिसला. दिग्दर्शक भार्गवीला हळूच म्हणाले की हा माणूस फारच सरळ आहे, यात हसायचं कुठे? हे पात्रच काढू, मग बोलीबिलीचीही भानगड नको. हळू म्हणाले, पण आमचं अंगण ते केवढं. मला ऐकू आलं. अप्पा पलीकडे सुपारी कातरत बसले होते.

थोड्या वेळाने अप्पांनी भार्गवीला विचारलं, ‘पोरीचं काम ऱ्हातंय न्हवं?’ ती म्हणाली, बघू काका.

मग अप्पांनी जे केलं ते का केलं, मला कळलं नाही. आपणहून एक गोष्ट काढली. आळंदच्या सामन्यात चढाई करताना त्यांच्या चड्डीचं इलॅस्टिक तुटलं, एका हाताने चड्डी धरून ते कसे पळाले, ते सगळं उठून करून दाखवलं. बोलण्याआधी घसा खाकरायची त्यांची सवय आहे, ती आज उगाच वाढवून करत होते. नट बाजेवर आडवा पडून हसला, पुन्हा करा म्हणाला. त्यांनी पुन्हा केलं. दिग्दर्शक म्हणाले, सापडलं.

मला अप्पांची लाज वाटली. हे लिहायला नको होतं, पण वाटली.

ते गेल्यावर आई भांडी गोळा करत म्हणाली, ‘ती चड्डी हणमंतप्पाची सुटलती. तुमची कवा सुटली?’ हणमंतप्पा काका म्हणजे अप्पांचे जुने जोडीदार, तेही त्याच संघात होते. अप्पा म्हणाले, वय झालंय, आठवणीत सरमिसळ होतंय.

माझं काम राहिलं.

३ जून

शूटिंग संपलं. जाताना भार्गवीने विचारलं, सिनेमाच्या शेवटी नावं येतात तिथे तुझं कसं लिहू? शाळेच्या हजेरीत आहे तसंच सांगितलं: मंजुश्री गुंडेराव. बोली मार्गदर्शन, असं वर लिहितील म्हणाली. घरी सांगितल्यावर आईने चहात साखर जास्त घातली. अप्पा पाणी आणायला म्हणून बाहेर गेले ते तासाभराने आले. तोवर हणमंतप्पा काकांच्या किराणा दुकानात सगळ्यांना कळलेलं होतं.

शाळेतून अजून निरोप नाही.

१५ डिसेंबर, पुणे

आवाज भरायच्या कामासाठी बोलावलं म्हणून आलेय. शाळेतून दोन दिवसांची रजा काढली. भार्गवीच्या खोलीवर राहिलेय. ती झोपलीय, मी गॅलरीत बसून लिहितेय.

आज सिनेमा पाहिला. त्याचं नाव आता ‘मधल्या रेघेची ऐशीतैशी’ आहे.

कसं लिहू. जुन्या सिनेमात मैदानाची माती दिसायची, पोरांच्या पाठीला ती चिकटलेली असायची. यात माती नाहीच. मैदानात एक बकरी सारखी घुसते. कोणी पडलं की भांडं पडल्यासारखा आवाज येतो. नायिकेची आजी दर सामन्याला तीच शिवी देते. आणि शेवटच्या चढाईत अप्पांची चड्डी सुटते. म्हणजे त्या नटाची. तो ती एका हाताने धरतो, तीनदा घसा खाकरतो, ‘दम तुटला माजा’ म्हणतो आणि पळत सुटतो. बकरी त्याच्या मागे.

आवाजाचं यंत्र सांभाळणारा माणूस मला एवढंच विचारत होता, की बोलणं तुमच्याकडच्यासारखं आलंय ना? आलं होतं. दोन ठिकाणी मीच सुधारून दिलं. तेच माझं काम होतं. आता तो अगदी अप्पांसारखा बोलतो. डोळे मिटले तर अप्पाच.

भार्गवीला मी म्हटलं, लोक यांना हसतील. ती म्हणाली, लोक हसले तर बरंच होईल, मला वाटतं कोणी हसणारच नाही. तीही नाराज होती. पण तिचे वडील पडद्यावर चड्डी धरून पळत नाहीत.

३० डिसेंबर

येळवस, रानातल्या पूजेची अमावास्या. पहाटेपासून आई आणि मी मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील, शेंगापोळी करत होतो. शेतात कडब्याची कोपी, छोटं खोपटं, उभी केली होती, पूजा झाली, अप्पांनी रानात आंबील शिंपडली. हणमंतप्पा काका त्यांच्या माणसांना घेऊन जेवायला आले.

काकांनी जाहीर केलं की सिनेमा लागला की आपली क्रूझर गाडी काढायची आणि सगळ्यांनी गुलबर्ग्याला, म्हणजे कलबुर्गीला, जायचं. नारळ न्यायचा, हार न्यायचा. अप्पांना म्हणाले, ‘गुंडू, तुला पयल्या रांगेत बसवतो बग.’

मी त्या वेळी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण अप्पा भज्जीत भाकर कुस्करत होते, आणि त्यांनी मलाच विचारलं, ‘पुन्याचं काम नीट झालं का बाई? कुनी बोललं न्हाई न्हवं तुला?’ मी म्हटलं, नीट झालं. खोटं नाही बोलले. काम नीटच झालं होतं.

नंतर कोपीमागे जाऊन भांडी घासत बसले. आई म्हणाली, राख कमी घाल, तांब्याला भोक पडंल.

८ जानेवारी २०२५

नवी डायरी मिळाली नाही. जुनीतली कोरी पानं भरपूर आहेत, वरची तारीख खोडून लिहितेय.

आज भार्गवीला ईमेल पाठवला. तीन वेळा लिहून पुसला. एवढंच लिहिलं, की शेवटच्या नावांमधून माझं नाव काढावं.

कारण इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या मी स्वतःला फसवणार नाही. सिनेमा मी थांबवू शकत नाही. अप्पांनी पाहायचं तेही थांबवू शकत नाही. पण माझं नाव राहिलं, तर त्या हसण्याखाली माझी सही असेल. लेकीनेच बापाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडात नीट बसवून दिलं आणि वर नाव लावलं. मला ते नको.

माझं पहिलं काम असं जाईल, हे वाटलं नव्हतं. पण तो विचार आपमतलबी आहे, म्हणून एवढ्यावरच सोडते.

११ जानेवारी

भार्गवीचं उत्तर आलं: नाव काढलं, पण पुन्हा एकदा विचार कर. मी कळवलं, केलाय.

ती म्हणते, मी शाळेत शिकवत असताना तिने अप्पांच्या मोबाईलवरही फोन केला होता. अप्पांना विचारलं, तर म्हणाले, ‘आलता की. बरी हाईत का म्हणली.’ आणि तुरीच्या खळ्यावर निघून गेले. जेवायला आले तेव्हा माझ्या ताटात त्यांनी स्वतःच्या ताटातला गूळ टाकला. लहानपणी ताप आला की टाकायचे. मला ताप नाही, असं सांगितलं तरी टाकला.

२ फेब्रुवारी

स्टँडवर फ्लेक्स लागलाय. हणमंतप्पा काकांनी लावला. एका बाजूला जुन्या सिनेमातले अप्पा, दुसऱ्या बाजूला माझा हॉलतिकिटावरचा फोटो. खाली मोठ्या अक्षरांत: खजुरीच्या लेकीचं नाव पडद्यावर.

काकांना म्हटलं, हा काढून टाका. ते म्हणाले, ‘लाजायलीस कामून? चोरी केलीस का?’

घरी येऊन शेवटी अप्पांना म्हटलं की सिनेमा चांगला नाही. त्यात तुमची थट्टा आहे. ते तूर निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, थट्टा कुणाची होत न्हाई. मी म्हटलं, तुम्ही जाऊ नका. ते म्हणाले, ‘आपुन न्हाई गेलो तर लोक म्हनतील पोरीनं कायतरी केलंय. जायाचं. तूबी यायाचं. माज्या बाजूला बसायचं.’

नावाचं सांगायचं राहिलं. थट्टा सांगितली आणि नाव सांगितलं नाही. झालं ते अर्धंच सांगणं. याला काय म्हणायचं मला ठाऊक आहे.

१४ फेब्रुवारी

परत आलो. सगळं क्रमाने लिहिते.

क्रूझरमध्ये चौदा माणसं. अप्पांनी धुतलेलं धोतर आणि लग्नातला फेटा. कलबुर्गीच्या मॉलमध्ये सकाळचा एकच खेळ होता. नारळ आत नेऊ देईनात. काकांनी पहारेकऱ्याशी कानडीत, हिंदीत आणि मग मराठीत भांडण केलं, शेवटी नारळ बाहेर त्याच्याच खुर्चीखाली ठेवला. मी अप्पा आणि आईच्या मधे बसले. आमच्याशिवाय थिएटरात कॉलेजची चारपाच पोरं होती.

मध्यंतरापर्यंत आमची माणसं हसण्याची तयारी करून बसली होती, पण हसायला जागा मिळाली नाही. बकरी आली तेव्हा कोणीतरी म्हणालं, बकरी बरी हाय. तेवढंच.

मग शेवटचा सामना. तो नट घसा खाकरत मैदानात उतरला आणि आमच्या रांगेत कोणी हलेना. सगळ्यांनी ओळखलं. चड्डी सुटली. मागे ती कॉलेजची पोरं हसली. हणमंतप्पा काका पुढच्या खुर्चीची पाठ धरून बसले होते. ती गोष्ट खरी कोणाची होती, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार. आई मोठ्याने म्हणाली, ‘तसं न्हवतं ते.’ पडद्याला म्हणाली. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी फेट्याचं टोक तोंडाशी धरलं होतं. दुसरा हात माझ्या मनगटावर होता. मनगट त्यांनी कधी धरलं, मला कळलंच नव्हतं.

सिनेमा संपला. दिवे लागले. आमची माणसं उठली नाहीत. काका म्हणाले, बसा, अजून पोरीचं नाव यायचंय. मग कळलं की एवढं सगळं त्यांनी सोसलं ते त्या एका ओळीसाठी. सिनेमा गेला तो गेला, गावाचं म्हणून एवढं तरी घेऊन जायचं होतं.

नावं इंग्रजीत आणि भराभर वर सरकत होती. आमच्यातल्या वाचता येणाऱ्यांना ती धड वाचता येत नव्हती, न येणाऱ्यांचा प्रश्नच नाही. मला येत होती. बोली मार्गदर्शनाची ओळच नव्हती. पडदा पांढरा झाला.

काका वळून म्हणाले, ‘आलं का ओ? मला दिसलं न्हाई.’ कोणी म्हणालं, आपल्यालाबी न्हाई. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सांगणारच होते, की नाही आलं, मीच काढायला लावलं. मी उठत होते.

अप्पा म्हणाले, ‘आलं की. मी बघितलो.’

काका म्हणाले, ‘तुला कवापास्नं वाचाय यायलंय?’

‘पोरीचं नाव बघाय शाळा लागतंय व्हय. मंजुश्री गुंडेराव. पूर्न आलं. तू बकरी बघत बसलास, तुज्या ध्यानात कुठलं यील.’

रांगेत सगळे हसले. सिनेमाभर न आलेलं हसू त्या वेळी आलं. आणि कोणीही पुढे विचारलं नाही. अप्पांनी सांगितलं म्हटल्यावर आमच्या गावात कोणी पुन्हा विचारत नाही. पहारेकऱ्याकडून नारळ परत घेऊन पार्किंगमध्येच फोडला आणि हार माझ्या गळ्यात घातला.

तो हार खुंटीला आहे. त्याचा वास खोलीभर येतोय.

१५ फेब्रुवारी

दिवसभर एकच विचार. अप्पांना वाचता येत नाही. कुठल्यातरी दुसऱ्याच ओळीला ते माझं नाव समजले असणार. खोटं बोलणं त्यांना येत नाही, तेव्हा चूकच झाली असणार. ती सुधारायला हवी. पण ते पारावर बसून प्रत्येकाला सांगतायत, की पयलं पोरीचं आलं आणि तिच्यामागं माजं. चाळीस वर्षांपूर्वी न आलेलं नाव आता आलं, असं त्यांना वाटतंय. माझ्या नावामागे त्यांचंही नाव होतं, हे ईमेल लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही. मी फक्त माझंच नाव काढतेय असं समजत होते.

सांगितलं तर त्यांचं नाव पुन्हा जाईल. नाही सांगितलं तर ते खोट्यात राहतील.

आजचा दिवस सांगत नाही. उद्याचं उद्या.

२३ फेब्रुवारी

सिनेमा उतरला. कलबुर्गीत आठवडाभरही चालला नाही. काका रविवारी नाव बघायला पुन्हा जाणार होते, त्यांची फेरी टळली. मला हायसं वाटलं आणि तसं वाटल्याचं वाईटही वाटलं, कारण भार्गवीने त्यात दोन वर्षं घातली होती.

तिचाच फोन आला. अंगणात अप्पा तुरीचं पोतं शिवत होते. ती म्हणाली, सीमेवरच्या मराठी शाळांवर एक माहितीपट करतेय, छोटाच आहे, विनोदी नाही. मुलांशी बोलायला तू हवीस. मी म्हटलं, मला जमेल का. ती म्हणाली, ते नंतर बघू, आधी सांग, या वेळी नाव घालायचं की नाही?

मी म्हटलं, माझं नाव? अप्पांनी दाभण पोत्यातून ओढून काढलं, सुतळीची गाठ मारली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

‘ह्या खेपेला काढू नको.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते दुसरं पोतं ओढायला लागले होते. फोनवर भार्गवी विचारत होती, काय लिहू.

मी पूर्ण नाव सांगितलं.